केंद्रातून बाहेर ते कन्फर्मेशन: नशा सुटल्यावर नोकरी शोधण्याचं माझं वर्ष

गेल्या आठवड्यात कन्फर्मेशनचं पत्र आलं, प्रोबेशन संपलं, तेव्हा म्हटलं आता हे लिहून टाकावं. कारण मी व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलो तेव्हा नोकरीबद्दल वाचायला गेलो तर एकतर डॉक्टरी लेख मिळायचे नाहीतर 'मी नशेवर मात केली' छापाची भाषणं. मधलं काहीच नाही. फॉर्मात काय लिहायचं, मेडिकलला माझी गोळी दिसणार का, पगार आला की त्या दिवशी काय करायचं, हे कुणी सांगतच नाही. तर ते सांगतो, जसं घडलं तसं.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. पाठीच्या दुखण्यासाठी ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्या सुरू झाल्या, दुखणं गेलं पण गोळ्या राहिल्या, आणि गोळ्या मिळेनाशा झाल्यावर हेरॉइन. अकाउंट्समधली नोकरी होती ती गेली, कशी गेली ते तुम्ही ओळखलं असेलच. २०२३च्या फेब्रुवारीत डिटॉक्स (म्हणजे देखरेखीखाली नशा शरीरातून उतरवणं), मग मे अखेरपर्यंत केंद्रात मुक्काम, आणि तेव्हापासून ब्युप्रेनॉर्फिनवर आहे. रोज जिभेखाली ठेवायची गोळी. ती मेंदूतल्या त्याच जागा अडवून बसते जिथे हेरॉइन बसतं, पण अर्धवटच काम करते, त्यामुळे तलफ आणि अंगदुखी दबते आणि त्यावर हेरॉइन घेतलं तरी फारसं काही लागत नाही. लोक म्हणतात एक नशा सोडून दुसरी धरली. म्हणू देत. मी सकाळी उठून कामावर जातो, तेव्हा असं जमत नव्हतं.

डिस्चार्जच्या दिवशी घरात पहिला वाद झाला तो नोकरीवरूनच. बाबांचं म्हणणं, "उद्यापासून कुठेतरी कामाला लाग, रिकामं डोकं सैतानाचं घर." ताईचं म्हणणं, वर्षभर काही करू नकोस, नीट बरा हो आधी. आई दोघांकडे बघत बसलेली. आणि गंमत म्हणजे या क्षेत्रातल्या जाणकारांमध्येही अगदी हाच वाद आहे हे मला नंतर कळलं. जुनी पद्धत अशी की आधी उपचार पूर्ण, मग ट्रेनिंग, मग जमलं तर नोकरी. पण १९९०च्या दशकात अमेरिकेत गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी आयपीएस (इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट) नावाची पद्धत निघाली, तिने हा क्रमच उलटा केला. माणसाला काम करायची इच्छा आहे ना, मग लगेच खऱ्या बाजारातली खरी नोकरी शोधायला लागा, त्याच्या आवडीची, आणि शिकवणं-सांभाळणं नोकरी लागल्यावर चालू ठेवा, त्याला मुदत नाही. आता ती व्यसनाच्या उपचारातही वापरतात. आमच्या कौन्सेलर मॅडमनी हे समजावून सांगितलं आणि मग म्हणाल्या, "पण तुझी झोप आधी जागेवर येऊ दे, मग बोलू." म्हणजे बाबा अर्धे बरोबर, ताई अर्धी बरोबर.

झोपेचं सांगतो कारण हे कुणी आधी सांगत नाही. डिटॉक्सची उलट्या-जुलाब-घामाची अवस्था आठवडा-दहा दिवसांत उतरते, पण त्यानंतर एक लांबलचक कंटाळा येतो जो महिनोन्महिने टिकू शकतो. झोप तुटक, कशातच मजा नाही, जेवण म्हणजे नुसतं गिळायचं, लक्ष लागत नाही, छोट्याशा गोष्टीने चिडचिड. या काळात मुलाखत दिली असती तर समोरच्याला वाटलं असतं याला नोकरी नकोच आहे. जून-जुलै असेच गेले. आणि खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत तलफेपेक्षा दुपारची भीती जास्त वाटायची. सकाळ कशीतरी जाते, आंघोळ, गोळी, मीटिंग (नशा सोडलेल्यांच्या आमच्या ग्रुपची). संध्याकाळी घरचे येतात. पण दुपारी बारा ते पाच माणसाने करायचं काय? व्यसनात असताना दिवस गच्च भरलेला असतो हो, पैसे जमव, माल शोध, घे, उतरला की परत पैसे जमव, ती एक फुल टाइम ड्यूटीच असते. ती गेली की एकदम आठ-दहा तास मोकळे पडतात आणि त्याचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं.

मॅडमनी तोडगा काढला, केंद्राच्या ऑफिसातली जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम दिलं. बिनपगारी, सोमवार ते शुक्रवार, दहा ते दोन. अट एकच, उशीर झाला तर फोन करायचा. मला वाटलं टाइमपासला दिलंय. पण त्या कामामुळे तीन गोष्टी झाल्या, उठायची वेळ ठरली, दुपार भरली, आणि पुढे नोकरीच्या वेळी नाव द्यायला ताजा माणूस मिळाला. तुम्ही या टप्प्यावर असाल तर असं काहीतरी शोधा, लायब्ररी, संस्था, ओळखीच्यांचं दुकान, काहीही, फक्त रोज ठरलेल्या वेळेचं आणि कुणीतरी वाट बघणारं हवं. आणि रोख पैशाशी संबंध नको.

ऑगस्टमध्ये सीव्ही काढायला बसलो. इथे सगळ्यांची गाडी अडते ती गॅपवर, माझा जवळपास दोन वर्षांचा. लोकांकडून सल्ले भरपूर मिळाले, फ्रीलान्स लिही, घरचा धंदा लिही, मित्राच्या फर्मचं खोटं लेटर आण. मी काहीच खोटं लिहिलं नाही, आणि त्यात काही साधुसंतपणा नव्हता. व्यसनात आयुष्य खोटं लक्षात ठेवण्यातच जातं, कुणाला काय सांगितलं याचा हिशोब डोक्यात सतत चालू, आणि परत तेच सुरू केलं तर बाकीचं यायला वेळ लागत नाही. शिवाय बॅकग्राउंड चेक होतोच. पण खोटं न बोलणं वेगळं आणि सगळं ओकून टाकणं वेगळं. मॅडमनी माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, "आरोग्याच्या कारणाने ब्रेक घ्यावा लागला, उपचार व्यवस्थित चालू आहेत, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट देऊ शकतो, आणि गेले काही महिने अमुक ठिकाणी नियमित काम करतोय." बस. यातला शब्द न शब्द खरा आहे. हे वाक्य बोलून झालं की गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. समोरचा दोन सेकंद काही बोलला नाही की आपण घाबरून पुढचं सांगायला लागतो. याची आम्ही प्रॅक्टिस केली, मॅडम मुद्दाम गप्प बसून बघत राहायच्या आणि मला घाम फुटायचा.

कागद जमवायला आधीच लागा, हे फार महत्त्वाचं. जुन्या कंपनीतून अनुभवाचं पत्र आणि रिलीव्हिंग लेटर मिळवायला मला सहाएक आठवडे लागले. ईमेल टाकला, उत्तर नाही. परत टाकला, उत्तर नाही. मग समजलं की ईमेलमध्ये 'मला द्या' म्हणण्यापेक्षा जॉइन झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, एम्प्लॉयी नंबर एवढं लिहून 'एवढंच प्रमाणित करा' म्हटलं की त्यांचं काम सोपं होतं. तसं लिहिल्यावर पत्र आलं, दोन ओळींचं, कोरडं, पण शिक्क्यासकट. मला तेवढंच हवं होतं.

मग मॅडमच्या टेबलावर एक कागद घेऊन 'नको' ची यादी केली. नाइट शिफ्ट नको. रोकड हाताळायची नको. एकट्याने फिरतीचं काम नको. दवाखाना किंवा औषधांचं स्टोअर नको. रोजच्या रोज हातात पैसे देणारं काम नको. आणि पाठीवर ताण येईल असं नको, कारण दुखणं परत आलं तर पेनकिलरचा प्रश्न परत येणार. यादी झाल्यावर मी म्हणालो, "मग राहिलं काय?" अकाउंट्स तर गेलंच. त्या म्हणाल्या, "बरंच." खरंच बरंच राहिलं होतं, फक्त पगार आधीपेक्षा कमी. माझ्या जुन्या पगाराच्या साधारण साठ टक्क्यांवर मी आता आहे. हे गिळायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू.

यादीतला नाइट शिफ्टचा मुद्दा जरा सांगतो. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा, माझ्यापेक्षा सहा महिने पुढे, सगळ्यांना धीर देणारा, त्याने रात्रपाळी घेतली कारण भत्ता चांगला होता. झोप गेली, मीटिंग सुटल्या, जेवणाच्या वेळा गेल्या. ग्रुपमध्ये आम्ही चार गोष्टी सतत तपासायला शिकतो, भूक, राग, एकटेपणा, थकवा, आणि रात्रपाळी या चारही एकदम देते. तो परत वापरायला लागला. आणि त्याचं औषधही बंद होतं. इथे एक गोष्ट नोकरीशी संबंध नसली तरी लिहितोच: काही महिने नशा बंद ठेवली की शरीराची सवय मोडते, जुना डोस आता झेपत नाही, श्वास थांबू शकतो. त्याचं नशीब, घरात नॅलोक्झोन होतं आणि भावाला वापरता येत होतं. हे औषध ओपिऑइडचा परिणाम काही मिनिटांत उलटवतं, पण तेवढ्यापुरतंच, नंतर दवाखान्यात न्यावंच लागतं. ते स्वतःला स्वतः देता येत नाही, म्हणून घरच्यांना शिकवून ठेवा. आमच्याकडे ताईला येतं.

सप्टेंबर-ऑक्टोबर अर्जांचा. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही, त्याचं काही नाही, सगळ्यांनाच येत नाही. दोन मुलाखती लक्षात राहण्यासारख्या. एका ठिकाणी समोरच्याने थेट विचारलं, आरोग्याचं कारण म्हणजे नक्की काय? मला आधीच सांगितलेलं होतं की थेट विचारलं तर काय सांगायचं हे तू ठरव, पण ठरवून जा. मी सांगितलं. खोलीतली हवाच बदलली, पेन खाली ठेवलं गेलं, कळवतो म्हणाले, कळवलं नाही. त्या रात्री मी मीटिंगला गेलो, घरी नाही. दुसऱ्या ठिकाणी तेच पाठ केलेलं वाक्य बोललो, बाई म्हणाल्या, "बरं. एक्सेलमध्ये व्हीलुकअप येतं का?" आणि झालं. तीच मला लागलेली नोकरी. गोडाऊनमध्ये स्टॉकचं काम, इनवर्ड-आउटवर्डच्या नोंदी, चलनं जुळवायची, महिनाअखेरीला स्टॉक मोजून शॉर्टेज काढायचं. दिवसपाळी, रविवार सुट्टी. पैशाऐवजी खोके मोजायचे, डोकं तेच वापरायचं.

ऑफर लेटर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आलं, त्यात खाली बारीक अक्षरात 'मेडिकलमध्ये पात्र ठरण्याच्या अटीवर' आणि मेडिकलमध्ये ड्रग स्क्रीन. ते वाचून मी पलंगावर बसून राहिलो. महिनोन्महिने काही घेतलेलं नाही तरी पोटात गोळा. तर ही तपासणी कशी असते ते सविस्तर सांगतो, निम्मी भीती माहिती नसल्याची असते.

लघवीचा नमुना देतात. आयडी तपासतात, खिसे रिकामे करायला सांगतात, बॅग बाहेर ठेवायची. माझ्या वेळी टॉयलेटच्या पाण्यात निळा रंग टाकला होता आणि नळ बंद, म्हणजे पाणी मिसळता येऊ नये. बाटलीच्या बाजूला तापमानाची पट्टी असते, दिल्या दिल्या बघतात, साधारण ३२ ते ३८ अंशांत हवं. मग तुमच्यासमोर दोन बाटल्यांत भरून सील, सीलवर तुमची सही आणि एक फॉर्म, ज्यात नमुना कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेला हे लिहिलं जातं. सील झाल्याशिवाय तिथून हलू नका आणि फॉर्मची तुमची प्रत मागून घ्या. दुसरी बाटली कशाला, तर निकालावर आक्षेप घ्यायचा असेल तर ती वेगळ्या लॅबमध्ये तपासायला. तपासणीचा खर्च कंपनीचा होता, पण दुसऱ्या बाटलीची तपासणी मागितली तर ती उमेदवाराच्या खिशातून असं फॉर्मवर छापलं होतं, हे आधी वाचून घ्या.

आता माझा मुख्य प्रश्न, ब्युप्रेनॉर्फिन दिसणार का. साध्या ओपिएट पॅनेलमध्ये ते सहसा दिसत नाही, कारण ते पॅनेल मॉर्फिन-कोडीन पकडायला बनवलेलं असतं. त्यासाठी वेगळी टेस्ट लागते. पण 'दिसणार नाही म्हणून लपवू' हा हिशोब मी केला नाही. डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घेतलं, औषधाचं नाव, डोस, कधीपासून, आणि 'कामासाठी सक्षम' असं स्पष्ट. ते पत्र एचआरला द्यायचं नाही, हे नीट लक्षात घ्या, ते मेडिकल करणाऱ्या डॉक्टरांना द्यायचं. एचआरकडे जातो तो फक्त फिट किंवा अनफिट असा शेरा. निदान चांगल्या ठिकाणी तरी असंच असतं, आणि 'माझी औषधांची माहिती कुणाला दिसेल?' हे विचारायला लाजू नका, मी विचारलं, कुणाला राग आला नाही.

आणखी एक. पहिली चाचणी झटपट असते आणि ती चुकू शकते, म्हणून पॉझिटिव्ह आली तर मास स्पेक्ट्रोमेट्रीने (नेमका पदार्थ ओळखणारी लॅबची तपासणी) खात्री करतात. खसखशीत मॉर्फिनचा अंश असतो, ती खाऊनही पॉझिटिव्ह येऊ शकतं, हे चेष्टेचं वाटतं पण याच भानगडीमुळे अमेरिकेत सरकारी तपासण्यांमधली ओपिएटची मर्यादा १९९८मध्ये ३०० नॅनोग्रॅमवरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर केली. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. तर तपासणीआधी काही दिवस हे सगळं टाळा आणि जे औषध चालू आहे त्याचं प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा.

निकालाला दोनेक आठवडे लागले. ते आठवडे वाईट गेले, काही नाही केलं तरी आपणच गुन्हेगार असल्यासारखं वाटत राहतं. बाबा रोज संध्याकाळी "आलं का?" विचारायचे, शेवटी ताईने त्यांना गप्प केलं. फिट आलं. १ डिसेंबरला जॉइन झालो.

पहिले आठवडे नुसती दमछाक. दिवसभर उभं राहायची सवय गेली होती. गोळीचं गणितही बसवावं लागलं, ती जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात बोलायचं नाही, गिळायची नाही, त्यामुळे निघायच्या घाईत घेतली की वाया. मी आता सकाळी उठल्या उठल्या घेतो, दाढीच्या आधी. (विरघळल्यावर पाण्याने चूळ भरा आणि दात घासायला तासभर थांबा, दातांना जपायचं म्हणून डॉक्टर सांगतात.) मिथॅडोनवाल्यांचं (हेही हेरॉइन सोडण्यासाठीच दिलं जाणारं औषध) जास्त अवघड, त्यांना सुरुवातीला बहुतेक ठिकाणी रोज क्लिनिकमध्ये जाऊन समोर घ्यावं लागतं आणि क्लिनिकची वेळ नि शिफ्टची वेळ एकच. जॉइन होण्याआधी क्लिनिकला शिफ्ट सांगून सकाळची पहिली वेळ किंवा घरी न्यायचे डोस मिळतात का ते विचारा, जॉइन झाल्यावर नाही. महिन्यातून एकदाचं इंजेक्शनही असतं ब्युप्रेनॉर्फिनचं, सगळीकडे मिळत नाही आणि महाग आहे, पण विचारून ठेवा. फोर्कलिफ्ट शिकणार का विचारलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. डोस स्थिर असेल तर सहसा अडचण नसते, पण डोस बदलल्यावर काही दिवस मशीनपासून लांब राहायचं असं त्यांनी सांगितलं.

जायच्या वाटेबद्दल. सरळ रस्ता जुन्या अड्ड्यावरून जातो. मी वळसा घालून जातो, वीस मिनिटं जास्त. ग्रुपमध्ये कुणीतरी नेहमी व्हिएतनामच्या सैनिकांचं उदाहरण देतं, की तिकडे हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक घरी परतल्यावर बहुतेकांनी सहज सोडलं, ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी ते तपासलं, परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा आहारी गेलेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास होते. खरं आहे ते. पण त्यांचा देश बदलला हो, युद्ध संपलं, माझा फक्त रस्ता बदललाय. तरी बदलतो.

आता पगाराचा दिवस. हा भाग लिहिण्यासाठीच खरं तर बसलोय.

नोकरीने माणूस सुधारतो असं सगळे म्हणतात, पण महिन्याचे एकोणतीस दिवस नोकरी तुम्हाला धरून ठेवते आणि तिसाव्या दिवशी तीच नोकरी तुमच्या खात्यात मोठी रक्कम टाकून मोकळी होते. मेंदूला ते माहीत असतं. वर्षानुवर्षं हातात पैसे आले की पुढे काय हे त्याने शिकलेलं असतं, तुम्ही विचार करायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं, पोट ढवळतं, तळवे ओले होतात. पहिल्या पगाराचा मेसेज दुपारी आला, मी रॅकपाशी उभा होतो, आणि महिनोन्महिने न आलेली तलफ एका सेकंदात आली. खुशी वगैरे काही नाही. सुपरवायझर म्हणाले, "पार्टी?" मी हसलो आणि बाथरूममध्ये जाऊन ताईला फोन केला.

आमची व्यवस्था आधीच ठरलेली होती म्हणून तो दिवस गेला. पगाराचं खातं माझ्या नावाचं, पण पगार जमा झाला की त्याच दिवशी आपोआप तीन ठिकाणी वळतो: एक भाग कर्जफेडीला (जवळजवळ एक तृतीयांश, ज्यांचे उसने घेतले त्यांची वहीच केली आहे), एक घरखर्चाला आईकडे, एक ताईसोबतच्या जॉइंट खात्यात, जिथून काढायला दोघांच्या सह्या. माझ्याकडे राहतो तो आठवड्याचा खर्च, कार्डाची मर्यादा तेवढीच. बँकेत जाऊन हे करायला अर्धा दिवस लागला, दोघांचे केवायसी, फॉर्मवर 'संयुक्त सहीने' हा पर्याय निवडायचा, 'कोणीही एक' नाही. सुरुवातीला पस्तिशीच्या माणसाला असं लहान मुलासारखं पॉकेटमनी, अपमान वाटतो. वाटू द्या. आणि पगाराच्या संध्याकाळी मीटिंग, ठरलेली, काहीही झालं तरी.

मॅडमनी याच संदर्भात एक प्रयोग सांगितला होता तो मला फार पटला. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये केनेथ सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात उपचाराला जोडूनच कामाची जागा काढली. लोक तिथे येऊन टायपिंग, डेटा एंट्री शिकायचे, पगार मिळायचा, पण आत शिरायचं तर नमुना स्वच्छ हवा. म्हणजे पगारच सोडण्याच्या बाजूने लावला. आणि ते चाललं, लोक खरंच लांब राहिले. पण अट काढून घेतल्यावर तो फरक बराचसा ओसरला. मी हे ऐकून आधी खचलो, मग विचार केला की म्हणजे नोकरी हे अँटिबायोटिकसारखं कोर्स करून बंद करायचं औषध नाही, रचना चालू ठेवली तोपर्यंतच ती काम करते. बाबांना हे अजून पटत नाही. ते म्हणतात नोकरी लागली ना, आता ते मीटिंग-बिटिंग कशाला?

फेब्रुवारीत सुपरवायझरांना सांगायची वेळ आली, कारण क्लिनिकची अपॉइंटमेंट महिन्यातून एकदा सकाळी असते आणि दरवेळी डेंटिस्ट सांगणं शक्य नव्हतं. कंपनीचं धोरण आधी वाचलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६मध्ये कामाच्या जागी दारू आणि ड्रग्जच्या प्रश्नांबद्दल आचारसंहिता काढली, त्यात हा प्रश्न आरोग्याचा समजावा, माहिती गुप्त ठेवावी, उपचार घेणाऱ्याशी भेदभाव करू नये असं म्हटलंय. ती कायदा नाही, पण बऱ्याच धोरणांची भाषा तिथूनच येते, आमच्या हँडबुकात जवळपास तीच वाक्यं निघाली. तुमच्या देशात कायद्याचं संरक्षण किती हे वेगळं तपासा, साधारण असं दिसतं की उपचार घेत असलेल्याला काही ना काही आधार असतो, आत्ता वापरत असलेल्याला क्वचितच. मी सुपरवायझरांना फक्त एवढंच म्हणालो, एका जुन्या आजारासाठी महिन्यातून एकदा दोन तास उशीर होईल, ते तास त्याच आठवड्यात भरून देईन, डॉक्टरांचं पत्र एचआरकडे आहे. (यासाठी वेगळं पत्र घेतलं, त्यात आजाराचं नाव नाही, फक्त तारखा.) ते म्हणाले लिहून द्या. लिहून दिलं, सही घेतली, प्रत ठेवली.

तिथे मला कुणी ओळखत नाही ही गोष्ट सगळ्यात जास्त कामाला आली, याची मला आधी कल्पना नव्हती. घरी मी 'बरा होत असलेला', ग्रुपमध्ये 'अमुक महिने झालेला', शेजारी 'तो'. गोडाऊनमध्ये मी फक्त ज्याच्याकडे चलनाची फाइल आहे तो माणूस. सकाळी लोक विचारतात ते "तो कालचा माल लागला का?" त्यात माझ्या तब्येतीची काळजी नाही, डोळ्यांकडे निरखून बघणं नाही. एप्रिलमध्ये स्टॉकमध्ये बारा खोक्यांचा फरक आला तेव्हा मी आतून गारठलो, आता माझ्यावरच येणार. कुणाच्या मनातही आलं नाही. दोघांनी मिळून दोन दिवस नोंदी तपासल्या, एक चलन दोनदा चढलं होतं, संपलं.

घसरण्याबद्दल कुणी विचारेल म्हणून. अमेरिकेच्या व्यसनांवर संशोधन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, म्हणजे नायडाच्या, माहितीनुसार उपचारानंतर पुन्हा वापरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के असतं, रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांचं औषधपथ्य मोडण्याचं प्रमाणही याच्या आसपास. म्हणून मी कंपनीत जॉइन होतानाच मॅडमसोबत एक कागद लिहून ठेवला, घसरलो तर पहिल्या दिवशी कुणाला फोन, कामावर काय कळवायचं, किती रजा शिल्लक ठेवायची. पाच दिवसांची आजारपणाची रजा मी मुद्दाम वापरत नाही, ती त्यासाठी. कागद पाकिटात आहे, अजून उघडावा लागला नाही.

प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं, १ जूनला संपायला हवं होतं, पण अप्रेझल फॉर्म कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिला आणि पत्र दोन-तीन आठवडे उशिरा आलं. ते आलं नाही तर आपोआप वाढतं का, हे अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून घ्या, माझ्यात 'लेखी कळवेपर्यंत वाढलेलं समजावं' असं होतं, म्हणून मी दोनदा आठवण केली. पगार थोडा वाढलाय, तेवढ्याने कर्जाची वही पुढच्या वर्षी संपेल असं दिसतंय.

कन्फर्म झाल्यावर मला वाटलं आता डोस कमी करायला सुरुवात करू, तसं डॉक्टरांना म्हणालो. त्यांनी विचारलं येत्या काही महिन्यांत कामात काही बदल आहे का. आहे, जुलैपासून दुसऱ्या गोडाऊनची जबाबदारी येतेय, माणसं नवीन, जागा नवीन. मग म्हणाले एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आधी ते बसू दे, डोसचं पुढच्या वर्षी बघू. पुढची अपॉइंटमेंट १० जुलैची आहे, उशिराचा अर्ज देऊन ठेवलाय.